मठ्ठ्यातलं मीठ

अक्का, तुम्हाला जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मला कळलं की तुम्ही मठ्ठा सोडलाच नव्हता.

समोरच्या शिंदेकाकू भेटायला आल्या होत्या. खालच्या खोलीत सतरंजीवर बसल्या, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "काय हात होता हो त्यांचा. आत्ताच नाही का आमच्याकडे माहेरची माणसं आली होती, तर कॅन भरून मठ्ठा दिला. माझी बहीण म्हणाली, असा मठ्ठा आमच्या संगमनेरात मिळत नाही." मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. विचारलं, मठ्ठा की लस्सी? "मठ्ठाच. लस्सी कोण मागतंय त्यांच्याकडे?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी उमजलं असावं. त्यापुढे त्या फक्त रडल्या.

मी तांब्या खाली ठेवला. दुःखाच्या घरात भांडू नये म्हणून गप्प राहिले. शिवाय ज्या माणसाशी भांडायचं होतं त्याच्या फोटोला नुकताच हार घातला होता.

नंतर जे जे भेटायला आले त्यांना आडून आडून विचारलं. कोणी महिन्यापूर्वी मठ्ठा नेला होता, कोणी हळदीला, कोणी उगीच जेवणानंतर प्यायला म्हणून. सगळे दुपारी आले होते, मी सातपूरला कामावर असताना. म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणाऱ्या तुमच्या जावेला.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवावं. मला ते जमणार नाही. मी कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघते. काय आलं, काय गेलं, काय राहिलं, हे मांडल्याशिवाय मी टेबलावरून उठत नाही. तुमचं आणि माझं काय राहिलं ते मांडायला मला दुसरी जागा नाही.

चांगलंही लिहीन. मी लग्न होऊन सिडकोतल्या या घरात आले तेव्हा मला दही लावता येत नव्हतं. माहेरी आम्ही डेअरीतून आणायचो. ऐन थंडीत सासूबाईंनी नव्या सुनेची परीक्षा म्हणून दुधाचं पातेलं माझ्या हातात दिलं. सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं आणि विरजणाचा गोळा तळाशी. तुम्ही काही न बोलता ते पातेलं उचललंत, दूध जरा कोमट केलंत, आणखी थोडं विरजण घातलंत आणि पातेलं गव्हाच्या कोठीत गव्हात पुरून ठेवलंत. दुपारी सासूबाईंच्या पानात सुरीने कापावं असं दही वाढलंत आणि म्हणालात, "आपल्या वर्षानं लावलंय." मला नंतर बाजूला घेऊन एवढंच सांगितलंत, "थंडीत दह्याला बी गोधडी लागती. तुझ्या माहेरी नाय का सांगितलं?" टोमणाच होता तो. पण मला एकटीला ऐकू येईल एवढ्याच आवाजात मारलात.

नोकरीचंही तसंच. सासूबाईंचं म्हणणं होतं की घरात काम असताना सुनेने सातपूरला जाऊन कारखान्यात बसायची काय गरज आहे. तुम्ही भाकरी थापत होतात. मान वर न करता म्हणालात, "जाऊ द्या तिला. मी हाय ना घरात." विषय संपला. माझी सगळी नोकरी त्या एका वाक्यावर उभी आहे, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. आता म्हणते, आणि लगेच पुढचंही म्हणते. तुम्ही मला जे तास मिळवून दिलेत, त्याच तासांत तुम्ही माझ्या पाठीमागे मठ्ठा घुसळलात. उपकार आणि फसवणूक एकाच वेळापत्रकात बसवलीत. व्यवस्थित माणूस म्हणून नाव माझं झालं, पण तुम्ही माझ्या वरचढ निघालात.

ताकाचं काम आपण ठरवून सुरू केलं नव्हतं. तुमच्या पुतणीच्या साखरपुड्यात तुम्ही केलेला मठ्ठा लोकांनी मागून मागून प्यायला आणि दोन घरांनी विचारलं, आमच्याकडे कराल का? मग ते वाढत गेलं. हात तुमचा आणि यादी माझी. दूध कधी किती घ्यायचं, पियूषचा चक्का कधी टांगायचा, उन्हाळ्यात विरजण किती कमी करायचं, कोणाचा कॅन परत आला नाही, हे सगळं मी लिहून तुमच्या ओट्याशेजारी लावायची. तुम्ही ते कधी वाचलं नाहीत. सकाळी जिन्याखालून ओरडायचात, "वर्षा, आज काय हाय?" आणि मी वरून वाचून दाखवायची.

मिक्सर तुम्ही लस्सीलासुद्धा लावू दिला नाहीत. "मशीन दह्याला मारतं. नुसता फेस येतो, तोंडात काय राहत नाय." रवीनेच घुसळायचं. लस्सीचं दही आंबट व्हायच्या आत उचलायचं, साखर दळून घालायची, पाण्याऐवजी थोडं गार दूध, वेलची, आणि अगदी शेवटी दोन बोटांत मावेल एवढं मीठ. मी पहिल्यांदा विचारलं होतं, गोडात मीठ कशाला? तुम्ही म्हणालात, "गोडाला गोड म्हणायला कोणीतरी लागतंच की."

एका वर्षी दिंडोरीहून तुमच्या भावाने काळ्या द्राक्षांच्या पेट्या पाठवल्या आणि तुमच्या मनात आलं की नाशिकची म्हणून द्राक्षाची लस्सी करावी. द्राक्षं वाटून दह्यात घातलीत. पातेल्यात जे तयार झालं त्याला रंग दगडी पाटीचा होता आणि चव कशाचीच नव्हती. थोरल्या दिरांनी, दादांनी, एक घोट घेतला आणि विचारलं, हे भिंतीला लावायचं का? तुम्ही रुसून बसलात. मी म्हटलं, रस आधी साखरेत आटवून बघू, पाणी जाईल आणि आंबटपणाही मोडेल. आपण दोघींनी तो आटवला, गार केला, घट्ट दह्यात घातला. त्या दिवशी तुम्ही मला पेला भरून दिलात आणि म्हणालात, डोकं चालतं तुझं. तुमच्या तोंडून माझं कौतुक मी एवढंच ऐकलं. पण मला ते पुरलं होतं.

मठ्ठ्याचं मात्र मला कधी विचारलं नाहीत. आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि जिरं खलबत्त्यात जाडसर ठेचायचं, ताकात घालून मुरू द्यायचं, मग गाळायचं. मीठ घालायचं ते कॅनमध्ये ओतायच्या आधी, सगळ्यात शेवटी. कारण ताक आंबट होत जातं आणि मीठ त्या आंबटपणाकडे बघून घालावं लागतं. आत्ता बरोबर असलेलं थोड्या वेळाने चुकतं. म्हणून चव घेतल्याशिवाय सुटका नाही. पळी उष्टी होऊ नये म्हणून तुम्ही चार थेंब तळहातावर घ्यायचात, जिभेने टिपायचात, डोळे मिटायचात. पुन्हा चिमूट, पुन्हा थेंब. थेंब थेंब करता करता वाटीभर पोटात जायचा. तेव्हा मी त्याला हसायची.

मग तुमचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, किडनी सांगितली. मीठ जवळपास बंद, पाणीसुद्धा मापात. मी फ्रीजवर तक्ता लावला, काय चालेल आणि काय नाही. तुम्ही त्याला वर्षाचा कायदा म्हणायचात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने दाखवायचात. आणि खरं सांगते, तुम्ही तो पाळलात. बिनमिठाची भाजी खाल्लीत, तक्रार केली नाहीत. लोणच्याची बरणी स्वतःच्या हाताने वर आणून माझ्या कपाटात ठेवलीत. अडलं ते फक्त मठ्ठ्यापाशी.

आपला सगळ्यात मोठा वाद गौरींच्या दिवशी झाला. नैवेद्य दाखवेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही, हा आपल्या घरातला नियम. तुम्ही सोळा भाज्या, कढी, पुरण, सगळं न चाखता केलंत आणि नेहमीसारखं कशातच मीठ चुकलं नाही. मी ते धरून बसले. म्हटलं, हाताला माहीत आहे ना सगळं? मग मठ्ठाही तसाच करा, न चाखता.

तुम्ही हसलात. "देव काय बोलतो का, कमी पडलं म्हणून? नावं ठिवायला माणसं येतात."

"मग माणसांना देव समजा."

"तू समजतेस का, तुझ्या हापिसातल्यांना?"

जेवायला बसलेले सगळे हसले आणि तुम्ही जिंकलात. पण मी बरोबर होते, अक्का. तुमचा हात चुकत नव्हता. मठ्ठ्याला तुमच्या जिभेची गरज नव्हती. जिभेलाच मठ्ठ्याची होती. हे मला त्या दिवशी पंगतीत म्हणता आलं नाही, आणि नंतर म्हणायला तुम्ही वेळ ठेवला नाहीत.

शेवटी ठरलं की मठ्ठ्याची चव मी घ्यायची. कामावर जायच्या आधी खाली यायचं, तळहातावर थेंब घ्यायचे आणि सांगायचं. मी ते मनापासून केलं. मीठ मीच घालायची, मीच चाखायची, बरोबर आहे म्हणायची. तुम्ही मान हलवायचात आणि म्हणायचात, जा आता, उशीर होईल.

एके दिवशी डबा विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेतून गाडी वळवली. स्वयंपाकघरात तुम्ही पातेल्यावर वाकला होतात. एका हातात पळी, दुसरा तळहात तोंडाशी, हनुवटीला पांढरा ओघळ.

मी विचारलं, काय करताय? म्हणालात, बघत होते. मी म्हटलं, जिभेने?

तुम्हाला हसू फुटलं. मला फुटलं नाही.

"मी बरोबर आहे म्हणाले होते ना?"

"हो, म्हणालीस."

"मग?"

"मग काय. तू म्हणालीस."

माझा इतका अपमान कारखान्यात कोणी केला नाही. मी तिथेच सांगितलं, मठ्ठा बंद करा, नाहीतर माझी यादी बंद. तुम्ही पदराने हात पुसलात. बराच वेळ पुसत होतात. मग म्हणालात, "बरं. उद्यापासून गोडच." मी शपथ घ्यायला लावली नाही. तुमच्या शब्दाला शपथ लागत नाही, असं मी धरून चालले होते.

त्या दिवसापासून माझ्या यादीत लस्सी आणि पियूष एवढंच राहिलं. मठ्ठ्याला कोणी आलं तर तुम्हीच माझ्यादेखत सांगायचात, आता करत नाही हो, झेपत नाही. मला वाटलं, जिंकले. ऑफिसमध्ये मी हे सांगत फिरले, की माणूस साठीतही बदलतं, फक्त ठामपणे बोलणारं कोणी पाहिजे.

सूज मात्र उतरेना. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, मग पुन्हा वाढवल्या. एकदा त्यांनी चष्मा काढून विचारलं, मीठ नक्की कुठून जातंय यांच्या पोटात? मी ताठ बसून सांगितलं, "डॉक्टर, यांच्या पानातलं मीठ मी स्वतः बघते." तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत होतात. मांडीवर हात ठेवून बसला होतात आणि तुम्ही मान डोलावलीत. अक्का, मला फसवलंत ते एक वेळ सोडून देईन. पण माझ्या तोंडून डॉक्टरांसमोर खोटं वदवलंत आणि वर त्याला मान डोलावलीत, ते मला सोडता येत नाही. मी आजवर न तपासता एका कागदावर सही केलेली नाही. तुमच्यावर केली.

पुढचं लिहीत नाही. श्वास लागला, छातीत पाणी झालं, दवाखान्याच्या काचेपलीकडे तुम्ही आणि अलीकडे आम्ही. डॉक्टर नंतर म्हणाले की असं एका कारणाने होत नसतं, आजार जुना होता. दादांना त्या वाक्याचा आधार वाटतो. मला वाटत नाही.

शिंदेकाकू येऊन गेल्या त्याच संध्याकाळी मी दादांसमोर जाऊन बसले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. थोरल्या दिरांशी मी कधी आवाज चढवून बोललेली नाही, त्या दिवशीही बोलले नाही. सरळ विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते हो म्हणाले. मग थांबवलं का नाही? त्यावर त्यांनी मलाच विचारलं, तू तर थांबवलंस, थांबली का?

मग तेच म्हणाले, "ती काय म्हणायची सांगू? वर्षाच्या हातून मीठ कमी पडतं. तिला चव कळते, पण ती घाबरते. माझ्या पायांकडे बघून मीठ घालते."

मी म्हटलं, हे मला सांगायचं होतं. दादा म्हणाले, "मी तेच म्हटलं तिला. तर म्हणाली, सांगितलं तर ती अजून घाबरेल. मग लस्सीतलं मीठ बी काढून टाकेल."

त्यावर दादा हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच हसले असतील. आणि मला त्या हसण्याचाही राग आला. म्हणजे तुम्ही दोघं खाली बसून माझ्या भीतीवर बोलत होतात. मला वाटत होतं तुम्हाला माझ्या जिभेचा भरवसा नाही. तसं नव्हतं तर. तुम्ही मला नीट ओळखून होतात, आणि ओळखूनच फसवलंत.

हो, मी घाबरत होते. तुम्ही समोर उभ्या असायचात, चपलेचा पट्टा लागत नाही म्हणून अनवाणी, सुजेवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. त्या पायांकडे बघून ज्या बाईची चिमूट आखडणार नाही, तिने मठ्ठा करू नये. गल्लीतल्या लोकांना पेलाभर मठ्ठा अळणी लागला असता तर काय बिघडलं असतं? दुसऱ्या घरचा प्याले असते. नाव गेलं असतं, अक्का. नाव गेलेलं माणूस घरात बसतं, कुरकुर करतं, सकाळी जिन्याखालून हाक मारतं.

तेराव्याच्या जेवणाला मठ्ठा पाहिजे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, पिशवीतलं ताक आणा. दादा म्हणाले, तिच्या तेराव्याला पिशवीतलं? मग मीच बसले. विरजण वर माझ्याकडे होतं, तुमचंच. दही चांगलं लागलं. रवीने घुसळलं, आलं-मिरची ठेचली, मुरू दिली, गाळली. शेवटी मीठ हातात घेतलं. आता समोर कोणी उभं नव्हतं. घाबरायचं काही कारण उरलं नव्हतं. तुमचं पान वाढलं, त्या पानात वाटीभर मठ्ठा ठेवला, आणि मग मी चार थेंब तळहातावर घेऊन चाखले. मला बरोबर वाटलं.

पंगत बसली. शिंदेकाकूंनी घोट घेतला, शेजारणीकडे पाहिलं आणि पेला जरा बाजूला सारला. तुमच्या भावाने दिंडोरीच्या मोकळेपणाने मला सांगून टाकलं, "ताई, मीठ लय कमी हाय." दादांनी पेला पूर्ण संपवला, खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कमीच आहे." कोणीतरी मिठाची वाटी आणली आणि ती पंगतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. मी पातेल्यात चिमूटभरही वाढवलं नाही.

मीठ कमी होतं, अक्का. तुम्हाला हे माझ्या तोंडून ऐकायचं होतं, तर ऐका. माणसांनी तोंडं वाकडी केली, नावं ठेवली, वरून मीठ घेतलं, दुसऱ्यांदा मागून घेतला, पातेलं रिकामं केलं. आणि मग हात धुऊन सगळीच्या सगळी आपापल्या पायांनी चालत घरी गेली.